मोहरा की मर्यादा : डावपेचांच्या खेळांतील धर्म आणि हसनाबादचा परिसर

राज्य मिळवणे, वाढवणे आणि राखणे यांचा खेळ माणसाने पटावर मांडला तेव्हा त्यात सैन्याला आणि प्रधानाला सहज जागा मिळाली. धर्माला मात्र ती उशिरा आणि प्रदेशाप्रदेशांत वेगवेगळ्या रूपांत मिळाली. भारतातील चतुरंग हा खेळ नावाप्रमाणे सैन्याच्या चार अंगांचा, म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ यांचा होता. तो इराण आणि अरब प्रदेशांतून युरोपात पोहोचला तेव्हा अरबीत ‘फील’ म्हटल्या जाणाऱ्या हत्तीच्या जागी इंग्लंडसारख्या देशांत बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेचा विभागीय प्रमुख, येऊन बसला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये उजेडात आलेल्या, बाराव्या शतकातील आणि बहुतांशी वॉलरस या सागरी प्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेल्या मोहऱ्यांमध्ये उंच धर्मटोपी घातलेले १६ बिशप आहेत. मराठी बुद्धिबळात त्याच घरावर तिरपा चालणारा उंट उभा असतो. मध्ययुगीन डावपेचांच्या खेळात धर्माची भर घालण्याचा प्रयोग, याचा अर्थ, संगणकाच्या सुमारे आठशे वर्षे आधी होऊन गेला होता, आणि त्यात धर्म राजाच्या बाजूने लढणारा एक मोहरा ठरला होता.

मराठी परंपरेला धर्माचा पट ठाऊक होता, पण तो निराळ्या जातीचा. मोक्षपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात पटावरील घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. कवड्यांचे दान टाकून पुढे सरकणारा खेळाडू सद्गुणाच्या घरात आला तर शिडीने वर चढे, दुर्गुणाच्या घरात आला तर सापाच्या तोंडातून खाली येई, आणि सर्वांत वर मोक्षाचे स्थान असे. परंपरा या खेळाचे जनकत्व ज्ञानदेवांकडे देते. आज उपलब्ध असलेले पट त्यांच्या काळानंतर पुष्कळ उशिराचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, तेथे त्याचा तात्त्विक आशय झिजला, आणि पुढे तो सापशिडी म्हणून मुलांच्या हाती उरला. मोक्षपटावर राजा नाही, शत्रू नाही आणि जिंकायचा मुलूखही नाही. त्यातील धर्म कोणाच्या हातातले शस्त्र नसून खुद्द पटाचा नियम आहे, आणि त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणीही असो, तो सारखाच लागू होतो.

संगणकावरील डावपेचांच्या खेळांनी या दोन रूपांपैकी प्रामुख्याने पहिले उचलले. १९९९ मध्ये आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळात मठ बांधता येतो, मठातून साधू बाहेर पडतो, तो शत्रूच्या सैनिकाकडे पाहून मंत्रोच्चार करतो आणि काही क्षणांत त्या सैनिकाच्या वस्त्रांचा रंग बदलून तो खेळाडूच्या बाजूचा होतो. नकाशावर विखुरलेले पवित्र अवशेष मठात आणून ठेवले की ते सतत सोने मिळवून देतात. २००२ च्या ‘मिडिव्हल : टोटल वॉर’ या खेळात प्रत्येक प्रांतात कोणत्या धर्माचे किती टक्के लोक आहेत हे आकड्यांत दाखवले जाते आणि राज्यकर्त्याचा धर्म प्रजेहून वेगळा असेल तर बंडाची शक्यता वाढते. २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ मध्ये सात धर्म आले, पण कोणाच्याही श्रद्धेला उणेअधिक लेखले जाऊ नये म्हणून त्या साऱ्यांचे परिणाम सारखेच ठेवले गेले. त्याच मालिकेच्या २०१२ मधील विस्तारात श्रद्धा हे धान्यासारखे किंवा सोन्यासारखे साठवण्याचे आणि खर्चण्याचे चलन झाले. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेच्या ‘क्रुसेडर किंग्ज २’ या खेळाचा नकाशा २०१४ च्या विस्ताराने भारतापर्यंत पोहोचला आणि त्यात हिंदू, बौद्ध व जैन राज्यकर्ते खेळता येऊ लागले.

या खेळांनी धर्माचा विचार केला हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे, कारण धर्म वगळून मध्ययुग समजत नाही. २००६ च्या ‘मिडिव्हल २’ मध्ये पोप राज्यकर्त्याला बहिष्कृत करू शकतो, म्हणजेच खेळाडूच्या वर असलेली एक सत्ता तेथे दिसते. तरीही या पोपचे प्रतिमान पश्चिम युरोपातील आहे. ज्या प्रदेशात सर्वांवर हुकूम चालवणारे एकच धर्मपीठ नव्हते, तेथे हे खेळ पुन्हा टक्केवारी आणि धर्मांतर यांकडेच वळतात. दख्खन हा असा प्रदेश होता, आणि धर्म राज्यकारभारात प्रत्यक्ष कसा वागत होता हे पाहण्यासाठी आजच्या जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावाचा परिसर पुरेसा बोलका आहे.

हसनाबाद या नावात ‘हसन’ हे अरबी व्यक्तिनाम आणि ‘आबाद’ म्हणजे वसलेले, नांदते, हा फारसी शब्द एकत्र आला आहे. जवळच्या जाफराबादचे, पश्चिमेकडील दौलताबादचे आणि खुलताबादचे नाव याच घडणीचे आहे. तालुक्याचे ठिकाण असलेल्या भोकरदनचे प्राचीन नाव मात्र भोगवर्धन. मध्य भारतातील सांची आणि भरहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नोंदी कोरलेल्या आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आढळतात, आणि शां. भा. देव व र. श. गुप्ते यांनी १९७३ मध्ये केलेल्या उत्खननाने या नगराच्या सातवाहनकालीन भरभराटीचा पुरावा दिला. भोकरदनच्या लोकांनी शेकडो मैल दूरच्या स्तूपासाठी द्रव्य खर्च केले, तेव्हा त्यांनी कोणत्याही राजाचा प्रांत वाढवला नाही. व्यापाराच्या मार्गांवर पसरलेले ते एक नाते होते, आणि राज्याची सीमा त्याला अडवत नव्हती.

मध्ययुगात हेच नाते गावाच्या रचनेत रुजलेले दिसते. मराठी मुलखातील गावगाड्यात बलुतेदार, म्हणजे गावाची ठरावीक कामे वंशपरंपरेने करून सुगीच्या वेळी धान्याचा वाटा घेणारे लोक, असत. सुतार, लोहार, कुंभार यांच्या जोडीला महादेवाची किंवा ग्रामदेवाची पूजा करणारा गुरव, पंचांग सांगणारा जोशी, आणि मशिदीची व्यवस्था पाहून बकरे हलाल करून देणारा मुलाणी हेही अनेक ठिकाणच्या बलुत्यांच्या यादीत येतात. ज्याच्या खळ्यावरून गुरवाला वाटा मिळे त्याच खळ्यावरून मुलाण्यालाही मिळे. गावाचा धर्म अमुक टक्के असे सांगणारा आकडा या व्यवस्थेचे वर्णन करू शकत नाही, कारण येथे धर्म लोकसंख्येची वाटणी करत नव्हता, तो कामाची आणि हक्काची वाटणी करत होता. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, तंटा उभा राहिला की गोतसभा भरे आणि तिच्या निर्णयाचा महजर, म्हणजे साक्षीदारांसह तयार केलेला निवाडापत्राचा कागद, काझीच्या मोहोरेने पक्का होई. बहमनी सत्तेच्या १३४७ मधील स्थापनेपासून ते निजामशाहीपर्यंत राज्यकर्ते बदलले, परंतु गावाशी वागताना त्यांना या हक्कांची दखल घ्यावीच लागली.

राजाच्या वर धर्माचा दाब कसा येत असे, याचे उदाहरण खुलताबादने दिले आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीतील लोकांना दौलताबादला आणले तेव्हा चिश्ती परंपरेतील अनेक सुफी या प्रदेशात आले. त्यांपैकी बुर्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये निवर्तले, आणि खानदेशच्या फारुकी राज्यकर्त्यांनी आपल्या बुऱ्हाणपूर या राजधानीला त्यांचे नाव दिले. त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांच्याविषयी इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, बहमनी सुलतान पहिला मुहंमद मद्यपान करतो म्हणून त्यांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला. शहर सोडण्याचा हुकूम होताच ते आपल्या गुरूच्या कबरीजवळ जाऊन बसले आणि तेथून उठवून दाखवावे असे आव्हान त्यांनी दिले. अखेर सुलतान नमला आणि त्याने राज्यातील मद्याची दुकाने बंद केली. या प्रसंगात सुलतान आणि संत एकाच धर्माचे होते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. खेळातील गणितानुसार राजा आणि धर्मगुरू यांचा धर्म एक असला की राज्याला बळ मिळते; येथे समान धर्मच राजाला अडवतो, कारण संताच्या शब्दाला मान देण्याची अपेक्षा त्या धर्मानेच निर्माण केली होती.

याच्या उलट दिशेचा पुरावाही दौलताबाद-खुलताबादच्या याच परिसरात आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत दौलताबाद किल्ल्याचे अधिकारी होते आणि त्यांचे निधन १५७५ मध्ये झाले. परंपरा त्यांच्या गुरूंचे नाव चांद बोधले सांगते, आणि त्यांची ओळख एका सुफी साधकाशी जोडली जाते. मुसलमान सुलतानाचा किल्ला राखणारा अधिकारी दत्तभक्त होता, आणि त्याचा पैठणचा शिष्य हिंदू आणि तुर्क यांच्या संवादावर रचना करतो. खेळातील साधू सैनिकाचा रंग बदलतो. येथे किल्लेदाराने रंग न बदलता निष्ठा आणि श्रद्धा या दोन्ही स्वतंत्रपणे सांभाळल्या. चाकरी कोणाची आणि उपासना कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात, ही समज दख्खनच्या लष्करी जीवनाचा पाया होती. तिच्याशिवाय सुलतानांच्या सैन्यांतील मराठा सरदारांची थोरवी उलगडत नाही.

धर्माने सत्तेला घातलेल्या अशा मर्यादेचे मोल सर्वांत स्पष्टपणे कळते ते मात्र ती ओलांडली जाते तेव्हा. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने मोगलांच्या ताब्यातील जालना ही संपन्न बाजारपेठ चार दिवस लुटली. परतीच्या वाटेवर मोगल फौजेशी झालेल्या लढाईत सरदार सिधोजी निंबाळकर पडले, आणि हेर बहिर्जीने दाखवलेल्या वाटेमुळे महाराज पट्टागडावर सुखरूप पोहोचले. मोगल बाजूच्या तवारिखांत, म्हणजे फारसी इतिहासग्रंथांत, अशी नोंद आहे की शहराबाहेर सय्यद जानमहंमद या साधुपुरुषाचे ठिकाण होते, धनिकांनी आपले द्रव्य घेऊन तेथे आश्रय घेतला होता, आणि लुटीत तेही ठिकाण सुटले नाही. या नोंदी प्रतिपक्षाच्या आहेत आणि त्या तशाच सावधपणे वाचल्या पाहिजेत. तरी त्यांतून एक गोष्ट निःसंशय हाती लागते : जालन्याच्या सावकारांनी संकटकाळी तटबंदी किंवा मोगल ठाणेदार यांच्यापेक्षा साधूच्या अंगणावर अधिक भरवसा ठेवला. मराठी सैन्य अशा स्थळांना हात लावत नाही, हा अनुभव त्यांच्यापाशी असल्याखेरीज असा निर्णय कोणी घेतला नसता.

या अनुभवाला शत्रूच्याच लेखणीची साक्ष आहे. महाराजांविषयी अत्यंत कटू लिहिणारा मोगल इतिहासकार खाफीखान हेही नोंदवतो की, मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा आपल्या लोकांना नियम होता. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीतही पीर आणि मशिदी यांच्या दिवाबत्तीचे चालत आलेले उत्पन्न महाराजांनी चालू ठेवल्याचा उल्लेख आहे. दोन विरुद्ध बाजूंचे लेखक एकाच गोष्टीवर सहमत होतात तेव्हा ती केवळ स्तुती राहत नाही. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर त्याचा संबंध जालन्याच्या साधूच्या शापाशी जोडणारी समजूत पसरली. तिच्यात ऐतिहासिक कारण शोधण्यात अर्थ नाही, परंतु आश्रयस्थानाची मर्यादा मोडण्याचा हिशेब लोक कसा मांडत होते हे तिच्यातून दिसते. तो हिशेब सोन्यात किंवा टक्क्यांत होत नव्हता. ज्या कीर्तीमुळे एखाद्या शहराची दारे न लढता उघडत, त्या कीर्तीशी तो जोडलेला होता.

या पुराव्यावरून मध्ययुगीन डावपेचांच्या खेळात धर्म कसा असावा याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते. दख्खनमध्ये धर्म हा राजाचा मोहरा कधीच नव्हता असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण देवळे फोडली गेली, धर्माच्या नावाने फौजा चालून गेल्या आणि दानाच्या बदल्यात निष्ठा मागितल्या गेल्या. परंतु त्याचा नित्याचा, रोज लागणारा अर्थ वेगळा होता : जिंकलेल्या गावातील गुरवाचे आणि मुलाण्याचे बलुते चालू ठेवण्याचे बंधन, संताच्या दारी झुकण्याची सक्ती, आणि कोणत्याही बाजूच्या सैन्याने शिरू नये असे पटावरचे एक घर. खेळाच्या रचनेत असे घर ठेवता येईल, जे कोणाच्याच ताब्यात जात नाही, ज्यात दुबळ्याला थांबता येते, आणि जे मोडणाऱ्याला तेथे लूट मिळते पण पुढच्या प्रत्येक शहरात त्याच्याविषयीचा विश्वास आटतो. असा नियम मोक्षपटाच्या जवळचा असेल, कारण तो राजा आणि प्यादे या दोघांनाही सारखाच लागू होईल.

हा नियम कल्पनेतला नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे देवळे, मशिदी व दर्गे यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींना खिदमतमाश, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात निर्वाहासाठी दिलेली जमीन, म्हणत. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द झाली, तेव्हाही धर्मादाय आणि धार्मिक संस्थांची इनामे त्यातून वगळण्यात आली. यादव, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही सत्ता या पटावरून एकामागून एक निघून गेल्या. दिव्याच्या तेलासाठी राखून ठेवलेल्या जमिनीचा शब्द मात्र मराठवाड्यातील अनेक गावांच्या सातबाऱ्यावर अजूनही वाचता येतो.