टिळकवाडीच्या कलादालनाचा मागोवा

बेळगावात टिळकवाडीला वरेरकर नाट्य संघ आहे. नाव नाटककार मामा वरेरकरांचं, घर नाटकवाल्यांचं. पण त्याच घरात के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचं कलादालन आहे. नाटकाच्या संस्थेत चित्रकाराचं नाव कसं आलं, हे शोधायचं तर आधी त्यांच्या शिकवणीकडे जावं लागतं.

के. बी. हे बेळगावचे चित्रकला-गुरू. व्यक्तिचित्रावर आणि निसर्गचित्रावर त्यांची विलक्षण पकड. त्यांच्या 'चित्रमंदिर'मध्ये पोरं समोर बसलेला माणूस बघून काढायला शिकली. 1935 साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच शिष्य. परांजप्यांची मुंबईतली बोधचित्रं आणि पुण्यात स्थिरावल्यावरची रंगचित्रं पाहताना रेषेची जी खात्री जाणवते, तिचं मूळ बेळगावात आहे.

1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. पुणे जिल्ह्यातल्या पाटसचं पोर काय नि बेळगावचं काय, सरकारी रेखाकला परीक्षा तीच आणि पुढचं स्वप्नही तेच: 1857 साली सुरू झालेलं मुंबईचं जे. जे. स्कूल. 1946 साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तरी 1 नोव्हेंबर 1956 ला शहर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग आला, 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तंटा अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातही त्रिएस्त शहराचं असंच भिजत घोंगडं पडलं होतं. तिथल्या स्लोव्हेनियन लोकांचं 'नारोदनी दोम' हे सांस्कृतिक घर फॅसिस्टांनी 1920 साली जाळलं होतं. 1947 ते 1954 या काळात तो मुलूख 'मुक्त प्रदेश' म्हणून ना इटलीचा होता ना युगोस्लाव्हियाचा. तिथे लोइझे स्पात्साल, आवगुस्त चेर्निगोय अशा स्लोव्हेनियन चित्रकारांचं चित्र भिंतीवर लागणं म्हणजे आपण इथलेच आहोत, हे सर्वांसमक्ष सांगणं होतं.

बेळगावात चित्रकलेनं निराळी वाट धरली, आणि मला ती मोलाची वाटते. के. बीं.च्या हाताखाली भाषेवरून वाटणी झाली नाही. परांजपे आणि जॉन फर्नांडिस ही दोन शिष्यांची नावं शेजारी ठेवली तरी हे कळतं. सीमाप्रश्नात मराठी माणसाची बाजू न्यायाची आहे, यात मला शंका नाही. पण त्या बाजूचा पुरावा मांडताना आपण ग्रंथालयं, शाळा, संमेलनं मोजतो आणि चित्रकारांना विसरतो. ही मोठी चूक आहे.

म्हणून एक विनंती. सीमाभागातल्या कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचं के. बीं.नी किंवा त्यांच्या शिष्यांनी काढलेलं व्यक्तिचित्र असेल, तर त्याचा नीट फोटो काढा, साल आणि चित्रातल्या माणसाचं नाव लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत या कलादालनाकडे पोचवा.