मीठ, हिरवी भाजी आणि रक्त पातळ करणारी गोळी



आज आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टींचा इतिहास सांगते. एक मिठाचा, दुसरा एका छोट्या गोळीचा. ज्या घरात हृदयाचा रुग्ण आहे तिथे हे दोन्ही एकाच ताटात येतात.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागापासून समुद्र किती दूर! रेल्वे येण्याआधी मीठ यायचं ते लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून. जंगलातला माणूस चारोळी, डिंक, मोहफुलं देऊन बाजारात मीठ घ्यायचा. त्या सौद्यात फायदा कोणाचा होई, हे व्यापारी घरातल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यावर इंग्रजांचा कर. तो चुकवून मीठ नेता येऊ नये म्हणून त्यांनी सिंधू नदीपासून ओरिसातल्या महानदीपर्यंत चौक्यांची रांग उभी केली होती, कित्येक ठिकाणी काटेरी झाडांचं कुंपणही. ती रांग १८७९ मध्ये उठली, कर मात्र राहिला. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. विदर्भात समुद्र नाही, म्हणून अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला.

इतक्या मोलाची ही वस्तू, म्हणून तिचा त्याग हे तप. रसत्याग आपल्या बाह्य तपांत येतो. चैत्र आणि आश्विनाच्या ओळीत नऊ दिवस आयंबिल करणाऱ्या आपल्यापैकी काहीजणी अलूणी आयंबिलही करतात. तेव्हा अळणी जेवण म्हणजे आजाऱ्याची शिक्षा नाही. आपल्याला त्याची ओळख जुनी आहे.

आता गोळीकडे वळू. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई रक्तस्राव होऊन मरू लागल्या. ओल धरून बुरसलेलं 'स्वीट क्लोव्हर' नावाचं गवत खाल्ल्याने हे होतं, असं पशुवैद्यांना आढळलं. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणाऱ्या रक्ताची बरणी घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. पुढे लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातलं द्रव्य वेगळं काढलं. त्यावरून तयार झालेलं वॉरफॅरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं. १९५४ मध्ये ते माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांना, आयझेनहॉवर यांना, ते दिलं गेलं. मुक्या जनावरांच्या मरणातून निघालेलं हे औषध आज कितीतरी जीव वाचवतं.

याच सुमारास डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवर काम करताना रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के शोधलं. त्यासाठी त्यांना १९४३ चं नोबेल मिळालं. हे व्हिटॅमिन वापरून आपलं यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं आणि गोळी नेमका तिथेच अडथळा घालते. व्हिटॅमिन के भरपूर असतं ते मेथी, पालक, कोथिंबीर अशा हिरव्या पालेभाज्यांत.

भगिनींनो, खरी काळजीची गोष्ट इथे आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजी बंद असते. शिवाय तिथीला हिरवं नाही. मग कार्तिकी झाली की मेथीचे ठेपले, पालकाची डाळ रोज! भाजी एकदम वाढली की गोळीचा असर कमी होतो आणि गुठळीची भीती. एकदम बंद झाली की असर वाढतो आणि रक्तस्रावाची भीती. डॉक्टर "पालेभाजी बेतानं खा" एवढंच सांगतात. आपलं पंचांग त्यांना कुठून माहीत असणार? ते आपणच सांगायचं.

आमच्याकडे ह्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. गुठळी होऊ नये म्हणून गोळी, पायावर सूज येते म्हणून मीठ कमी. मी बी.कॉम. शिकलेली, हिशेबाची सवय. एका वहीत तारीख, पी.टी.-आय.एन.आर.चा आकडा, गोळीचा डोस आणि त्या आठवड्यातली भाजी असे चार रकाने आखले आहेत. फाल्गुन चौमासी आणि कार्तिकी जवळ आली की डॉक्टरांना विचारून तपासणी करून घेतो. ह्यांच्या ताटात पालेभाजी बाराही महिने नाही, म्हणजे चढउतारच नाही. तुमच्या घरी भाजी चालत असेल तर दर आठवड्याला तेवढीच ठेवा. उपवास किंवा अठाई करायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोळी मनाने बंद करू नका.

मिठाचं म्हणाल तर, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही सांगते. रुग्णाचं माप डॉक्टर ठरवतील. दिवसाचं मीठ सकाळीच एका वाटीत मोजून काढते. सैंधव म्हणजेही सोडियमच, हे लक्षात असू द्या. पापडातला पापडखार, ढोकळ्यातला सोडा, शेव, लोणचं, विकतचा खाकरा, सगळीकडे सोडियम लपलेलं असतं. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही औषधांबरोबर आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचं, म्हणून विचारल्याशिवाय आणू नका. चवीला भाजलेलं जिरं, मिरे, आमचूर, कोकम, लिंबू आहेच. हिंग विकतचा असेल तर पुडीवर मीठ नाही ना, ते वाचून घ्या. वरणात मीठ शिजताना घालत नाही, ताटात वरून चिमूटभर भुरभुरते. जिभेला ते लगेच लागतं आणि कमी पुरतं.

पहिले दोन-तीन आठवडे जेवण फिकं वाटेल, मग जीभ रुळते. आणि एक करा. आपलं ताट वेगळं खारं ठेवू नका. घरातल्या सगळ्यांनी तेच खाल्लं तर आजारी माणूस एकटा पडत नाही.