देखणं कणीस आणि खरी खूण

मागच्या व्याख्यानात आपण मका मेक्सिकोतून जगभर कसा पसरला ते पाहिलं. आजचा प्रश्न असा, की जास्त पीक देणारं झाड ओळखायचं कशावरून?

शेतकऱ्याचं जुनं उत्तर सोपं आहे. भरदार कणीस बघायचं आणि बियाण्याला बाजूला काढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात याच समजुतीवर कणसांच्या स्पर्धा भरत. ओळी सरळ, दाणे टोकापर्यंत, की मिळालं बक्षीस! 1904 मध्ये हेन्री वॉलेस नावाच्या शाळकरी मुलाला याची शंका आली. होल्डन या प्राध्यापकांनी देखणेपणाप्रमाणे क्रम लावलेली कणसं त्यानं वेगवेगळ्या ओळींत पेरली आणि हंगामाअखेर पीक मोजलं. देखण्या कणसांच्या ओळी उत्पन्नात पुढे नव्हत्याच. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाला.

असं का झालं? मक्याचा तुरा वर असतो, कणीस खाली, आणि पराग वाऱ्यावर येतो. म्हणजे एकाच कणसातल्या दाण्यांची आई एक, पण बाप अनेक. शिवाय कणीस मोठं झालं ते वाणामुळे की खतपाण्यामुळे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

1908 मध्ये जॉर्ज शल यांनी वेगळी वाट दाखवली. झाडाचा पराग त्याच झाडाला, असं पिढ्यान्‌पिढ्या केलं की मका खुरटतो. पण असे दोन खुरटे वाण एकमेकांशी संकरित केले, की संतती जोमदार निघते. संकरित मक्याचं युग इथून सुरू झालं. त्याची किंमतही होती. संकरित पिकाचं बी पुन्हा पेरलं तर जोम घटतो, म्हणून शेतकरी दरवर्षी बियाणं विकत घेऊ लागला.

आता खुणेकडे वळू. 1931 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या नवव्या गुणसूत्रावरची एक गाठ सूक्ष्मदर्शकातून पाहिली. दाण्याचा रंग आणि मेणचटपणा यांची अदलाबदल झाली, की गुणसूत्राच्या तुकड्यांचीही झालेली दिसे. याचा अर्थ, गुणाशेजारची खूण सापडली तर गुणाचा माग काढता येतो. पण खूण आणि गुण यांची फारकतही होऊ शकते. म्हणून खूण जितकी जवळ, तितकी भरवशाची.

उत्पन्न हा मात्र एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. म्हणून 1980 च्या दशकात विकरांच्या खुणा आणि पुढे डीएनएच्या खुणा शोधून त्यांची उत्पन्नाशी सांगड घातली गेली. आज कोवळ्या रोपाचं पान तपासून, कणीस लागण्याआधीच निवड करता येते.

पण 1970 साल विसरायचं नाही. हातानं तुरे काढण्याची मजुरी वाचावी म्हणून अमेरिकेतल्या बहुतेक संकरित बियाण्यात ‘टेक्सास’ प्रकारची नरवंध्यता आणली होती. त्या वर्षी पानांवरच्या करप्याच्या बुरशीच्या एका नव्या प्रकारानं देशातलं सुमारे 15 टक्के पीक खाल्लं. पुढे कळलं, की नरवंध्यता आणि रोगाला बळी पडणं या दोन्हींचं मूळ एकच जनुक होतं. आपण सोय निवडली, आणि तिच्याबरोबर न तपासलेला दोष लाखो एकरांवर पेरला.

म्हणून आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच. आधी शेतात मोजून घेतलेलं असतं, तेच खूण सांगू शकते. जे मोजलंच नाही, त्याबद्दल ती गप्प असते. यंत्रं बदलली, पण वॉलेसच्या शेतातला तराजू अजून बाजूला ठेवता येत नाही.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.