डेमोनंतरची तीन वर्षं

लहानपणी नागपुरात उन्हाळाभर आम्ही टीव्हीला '९९९९ इन १'ची कॅसेट लावायचो. गेम मोजून सात-आठच निघायचे, पण मारिओ असला की भागायचं. हे कुणीतरी बसून बनवतं, असं कधी डोक्यातही आलं नाही.

पुण्यात २०१७ साली अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी नॉडिंग हेड्स गेम्स सुरू केली. त्यांची राजी सर्कशीतली पोरगी. भाऊ गोलूला शोधत ती राजस्थानी महालांच्या भिंतींवरून धावते, उड्या मारते. प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतोच. त्याच वर्षी त्यांनी किकस्टार्टरवर पैसे मागितले. लक्ष्य हुकलं आणि तिथल्या नियमानुसार हाती काहीच आलं नाही.

डेमो तेवढा होता. मीही नोकरीत डेमो दाखवतो, म्हणून सांगतो, डेमो म्हणजे लग्नपत्रिका. संसार पुढेच असतो.

राजी १८ ऑगस्ट २०२० ला स्विचवर आली, ऑक्टोबरात पीसी आणि इतर कन्सोलवर. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. बक्षीस फॅस्मोफोबियाला गेलं. गेम चार-पाच तासांत संपतो आणि शेवट अचानक तुटतो, म्हणून बरेच जण कुरकुरले. खटकला मलाही. पण रिलीजच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः फीचर्स कापली आहेत, त्यामुळे फार बोललो नाही.