‘त्रिंकोमाली’चा जीर्णोद्धार आणि नौकाविषयक परिभाषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

जुन्या शिडाच्या जहाजाचा जीर्णोद्धार हा केवळ सुतारकामाचा विषय नाही. जहाजाचा प्रत्येक भाग कोठे बसतो व कोणते कार्य करतो, हे त्याच्या नेमक्या नावाशी निगडित असते. मुंबईत बांधल्या गेलेल्या आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करण्यात आलेल्या ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेच्या आधारे जहाज व परिभाषा यांच्या जतनातील संबंध तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मुंबईतील बांधणी

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि येथील जहाजबांधणीस स्थैर्य लाभले. त्यांच्याच घराण्यातील जमशेदजी बमनजी यांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ बांधली गेली. तिचे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही ब्रिटिश युद्धनौका १८१२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या हाती पडली. परिणामी आराखडे पुन्हा पाठवावे लागले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. तिच्यासाठी मलबारी सागवान वापरण्यात आले. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, तर सागाच्या तेलकटपणामुळे ते टिकतात. तिच्या दीर्घायुष्याचे हे एक प्रमुख कारण होय.

जीर्णोद्धार

१८९७ मध्ये प्रशिक्षणासाठी खरेदी झाल्यावर या नौकेस ‘फूड्रॉयंट’ हे नाव मिळाले व मूळ नाव मागे पडले. १९८७ मध्ये ती हार्टलपूल येथे आणण्यात आली. १९९० ते २००१ या काळात जीर्णोद्धार झाला आणि १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ती आज ओळखली जाते.

परिभाषेचा प्रश्न

शिडाच्या जहाजावर ‘दोरी ओढा’ एवढ्याने काम भागत नाही. शीड वर चढविणारी दोरी ती हॅलयार्ड, तर शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारी दोरी ती शीट. ‘शीट’ म्हणजे शिडाचे कापड, असा समज करून घेतल्यास आज्ञेचा अर्थच बदलतो.

भारतीय खलाशांचीही स्वतंत्र परिभाषा होती. टॉमस रोबक यांनी तिचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश १८११ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केला. त्याची सुधारित आवृत्ती १८८२ मध्ये ‘लष्करी’ कोश म्हणून निघाली. येथे ‘लष्करी’ म्हणजे लास्कर खलाशांची बोली. वरच्या शिडासाठी असलेला ‘गावी’ हा शब्द पोर्तुगीज मूळाचा, तर ‘सुकाणू’ अरबी मूळाचा आहे. अनेक किनाऱ्यांच्या संपर्काचा इतिहास या शब्दांत साठलेला आहे. मराठीतील डोलकाठी, शीड, नाळ, तांडेल हे शब्द, तसेच जहाजाच्या तळाच्या कण्यास होडीबांधणीत असलेले ‘पठाण’ हे नाव, याच व्यवहाराची साक्ष देतात.

समारोप

‘त्रिंकोमाली’चे लाकूड वाचले आणि तिचे नावही परत मिळाले. मात्र तिच्या जन्मभूमीच्या किनाऱ्यावरील शब्दसंपदा तितकी सुरक्षित नाही. कोकणात लाकडी नौकांची जागा फायबरच्या नौका घेत आहेत. लाकडी भाग नाहीसा झाला की त्याचे नाव उच्चारण्याचा प्रसंगही उरत नाही. म्हणून होडी बांधणाऱ्या कारागिरांकडून असे शब्द आकृती व उपयोगासह नोंदवून घेणे, हे किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांचे संयुक्त कार्य ठरावे. केवळ शब्दांची यादी पुरेशी नाही; हात कसा चालतो, हेही त्या नोंदीत आले पाहिजे.