किल्ली देणारा मध्यस्थ

ब्रोकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दलाल उभा राहतो. घराचा नाहीतर शेअरचा. दोन्हीकडून पैसे घेणारा! त्यामुळे संगणकाच्या जगातही 'सर्व्हिस ब्रोकर' असतो हे भाचीकडून ऐकलं तेव्हा गंमत वाटली. आयुष्यभर इतिहास शिकवल्याने माझा पहिला प्रश्न ठरलेला: हे आलं कुठून? मग वाचत गेले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात १९७० पासून करायला हवी. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे याची काळजी ती वापरणाऱ्याला पडू नये, हा त्याचा गाभा. त्यातून रिलेशनल डेटाबेस आले आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांच्या नोंदी हळूहळू त्यांत जमा होत गेल्या. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलायची सोय झाली. पत्ता आणि पासवर्ड मात्र बरेचदा प्रोग्रॅममध्येच किंवा शेजारच्या फाइलमध्ये लिहिलेला असायचा. एक यंत्र आणि ओळखीची चार माणसं होती, तोवर ते खपून गेलं.

पुढे २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हेरोकू सुरू झाली आणि एप्रिल २०११ मध्ये व्हीएमवेअरने क्लाउड फाउंड्री जाहीर केलं. आता आपला प्रोग्रॅम नेमका कोणत्या यंत्रावर चालतो हे तो लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आज इथे, उद्या तिथे, गर्दी झाली तर एकाच्या दहा प्रती!

डेटाबेस असा सहज उठून जात नाही. शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. मुख्याध्यापक बदलले, इमारत बदलली, तरी दाखल्यासाठी नोंद शोधायची ती त्याच रजिस्टरात. सोयीसाठी नवी वही घालून चालत नाही.

तेव्हा खरा प्रश्न होता कपाटाच्या किल्लीचा. हेरोकूच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास बारा नियम मांडले. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहू नये, तो बाहेरून मिळावा, हा त्यांतला एक. डेटाबेस घरचा की परका, असा भेद प्रोग्रॅमने करू नये, हा दुसरा.

क्लाउड फाउंड्रीतल्या ब्रोकरची मुख्य कामं पाच. काय मिळेल त्याची यादी दाखवायची, सेवा तयार करायची, प्रोग्रॅमशी जोडायची, जोडणी तोडायची आणि शेवटी सेवा मोडायची. डेटाबेस आधीपासून बाहेर असेल, तर ब्रोकर नवा डेटाबेस न बनवता जोडणीच्या वेळी त्यातच त्या प्रोग्रॅमपुरतं, मोजक्या अधिकारांचं खातं उघडू शकतो. खात्याचं नाव आणि पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाती पोचला की हा बाजूला! पुढचं बोलणं थेट प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांचं. जोडणी तोडली की ते खातंही काढून टाकता येतं. दोघांमधली वाट मात्र आधीच मोकळी हवी. फायरवॉल आडवी असेल तर नुसत्या किल्लीचा उपयोग नाही.

ब्रोकर नसेल तर पत्ता आणि पासवर्ड हाताने भरायचीही सोय आहे. प्रोग्रॅमला फरक कळत नाही. पण मग एकच किल्ली अनेकांच्या हाती जाण्याचा संभव, आणि ती बदलायची तर प्रत्येक ठिकाणी जाऊन बदला.

डिसेंबर २०१६ मध्ये गूगल, आयबीएम, रेड हॅट, सॅप वगैरे कंपन्यांनी मिळून हीच पद्धत खुला करार म्हणून स्वीकारली. क्युबरनेटीसवाल्यांनीही त्यावर 'सर्व्हिस कॅटलॉग' उभारला, पण २०२२ मध्ये तो बंद केला. त्यांनी दुसऱ्या वाटा धरल्या. साधनं अशी येतात आणि जातात.

या सगळ्यात मला मोलाचं वाटतं ते दिलेली किल्ली परत घेता येणं. त्या डेटाबेसमध्ये कुणाची पेन्शन असते, कुणाचा आजार, कुणाचं कर्ज. माणसं नोकरी सोडून जातात, पण त्यांना माहीत असलेला पासवर्ड तसाच चालू राहतो, आणि नोंदींच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कोणती किल्ली कुणाकडे आहे याची नोंद ठेवणारा आणि काम झालं की ती मागून घेणारा असा दलाल असेल, तर त्याला नावं ठेवायला मी तरी धजणार नाही.