महिंद्रा रेसिंग (मोटो३)

मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाचा शर्यत संघ. मोटारसायकल ग्रां प्रीच्या जागतिक स्पर्धेत स्वतःची गाडी घेऊन उतरलेला पहिला भारतीय उत्पादक. सहभाग २०११ ते २०१७.

संघ २०११ मध्ये १२५ सीसी गटात दाखल झाला आणि तोच त्या गटाचा शेवटचा हंगाम ठरला. २०१२ पासून टू-स्ट्रोक इंजिने बाद होऊन २५० सीसी, एक-सिलिंडर, फोर-स्ट्रोक इंजिनांचा 'मोटो३' गट सुरू होणार, हे आधीच जाहीर झाले होते. त्यामुळे बाद होणाऱ्या गाडीवर शर्यतींचा सराव आणि त्याच वेळी नव्या इंजिनाची जुळवाजुळव, अशी दुहेरी कसरत संघाला करावी लागली. जुन्या गाडीने जाताजाता व्हॅलेन्सियाच्या अखेरच्या शर्यतीत डॅनी वेबला पोल मिळवून दिली.

इंजिन : टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरमधील भोके उघडतो व झाकतो, आणि वंगणतेल इंधनाबरोबर जळते. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, स्प्रिंग आणि वंगणाची स्वतंत्र व्यवस्था लागते. म्हणजे जुन्या ज्ञानातले थोडेच पुढे नेता येते. नियमातली खरी मेख बोअरमध्ये (सिलिंडरच्या व्यासात) होती. तो जास्तीत जास्त ८१ मिमी. धरला, की २५० सीसीसाठी स्ट्रोक सुमारे ४८.५ मिमी. येतो आणि त्याहून आखूड करता येत नाही. त्यात मिनिटाला १४,००० फेऱ्यांची मर्यादा (पुढे १३,५००). या गतीला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२.६ मीटर होतो. फेरे वाढवून ताकद काढण्याची वाट अशी बंद झाल्यावर ज्वलनकक्षाचा आकार, हवेचा मार्ग आणि घर्षण एवढ्यावरच कारागिरी उरली. होंडाने सिलिंडर मागे कलता बसवून हवा पुढून घेतली व एक्झॉस्ट मागून काढला. महिंद्राने इटलीच्या ओरल इंजिनिअरिंगची मदत घेतली.

२०१२ चा हंगाम जवळपास वाया गेला. विजेतेपद केटीएमच्या सँड्रो कोर्टेझीकडे गेले. हंगाम वाया गेल्याचा दोष एकट्या इंजिनाला देणे घाईचे होईल. पुढल्या वर्षी स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीच्या सहकार्याने नवी गाडी आली आणि मिगेल ऑलिव्हेराने मलेशियात तिसरा क्रमांक मिळवला. पहिला विजय २६ जून २०१६ रोजी आसेन येथे फ्रान्चेस्को बान्याइयाने (पुढे मोटोजीपीचा जगज्जेता) नोंदवला. त्याच वर्षी बर्नो येथे जॉन मॅकफीने जिंकलेली 'प्यूजो' मुळात महिंद्राचीच गाडी होती.

फॉर्म्युला ई : २०१४ पासून सहभाग.